डॉक्टरांनी आणलेली रेनडिअर आणि त्यांच्याबरोबर आलेले जंत

जंत म्हटले की आपल्याला लहान मुले आठवतात. पोट दुखते, भूक लागत नाही, शौचाच्या जागी खाज सुटते. अशा वेळी एका मुलाला जंत झाले असतील, तर घरातल्या सगळ्यांना गोळी कशाला, असा प्रश्न तुम्ही अनेकदा विचारता. "बाकीचे तर ठणठणीत आहेत!" या प्रश्नाचे एक चांगले उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या इतिहासात सापडते. ती गोष्ट माणसांची नाही, हरणांची आहे, पण तिची सुरुवात एका डॉक्टरने केली.

विल्फ्रेड ग्रेनफेल हे लंडनमध्ये शिकलेले डॉक्टर. १८९२ साली ते अटलांटिक महासागरापलीकडे, लॅब्राडोर आणि न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या सेवेसाठी गेले. आज हा भाग कॅनडात आहे. तिथे त्यांनी रुग्णालये उभारली. क्षय आणि कुपोषणाचे आजार तिथे घरोघरी होते. मुलांना दूध मिळत नव्हते. थंडी कडाक्याची, चारा कमी आणि गाडी ओढणारी कुत्री गुरांवर तुटून पडत, त्यामुळे गाई पाळणे अवघड होते.

ग्रेनफेल यांना अलास्कातला एक प्रयोग माहीत होता. शेल्डन जॅक्सन यांनी १८९२ पासून सायबेरियातून पाळीव रेनडिअर तिथे आणली होती. रेनडिअर हे थंड प्रदेशातले मोठे हरीण. ते बर्फ उकरून त्याखालची दगडफुले खाते, दूध देते, मांस आणि कातडे देते, गाडीही ओढते. ग्रेनफेल यांनी देणग्या गोळा केल्या आणि उत्तर नॉर्वेतून ३०० रेनडिअर बोटीने मागवली. त्यांना सांभाळायला सामी जमातीची कुटुंबेही आली. जानेवारी १९०८ मध्ये हा कळप न्यूफाउंडलंडमधल्या सेंट अँथनी गावाजवळ उतरला. त्यांतली ५० जनावरे लाकूड वाहून नेण्यासाठी एका कंपनीला दिली गेली आणि ती चालत बेटाच्या आतल्या भागात गेली.

सुरुवातीला सगळे छान चालले. काही वर्षांत कळप हजाराच्या पुढे गेला. मग चोरटी शिकार वाढली, पहिले महायुद्ध आले, देखरेख करणारे उरले नाहीत. १९१८ च्या सुमारास उरलेली जनावरे बेटावरून हलवली गेली. प्रयोग संपला, असे सगळ्यांना वाटले.

बोटीतला अदृश्य प्रवासी

रेनडिअर गेली, पण त्यांच्यातला एक जंत बेटावरच राहिला. त्याचे नाव एलाफोस्ट्राँगायलस रँजिफेरी. त्याची शास्त्रीय ओळख कळप उतरल्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी सोव्हिएत संशोधक मित्स्केविच यांनी करून दिली. म्हणजे १९०८ साली ग्रेनफेल यांनी कितीही काळजीपूर्वक तपासणी केली असती, तरी ज्याला नावच नव्हते तो जंत शोधणार कसा?

हा जंत आतड्यात राहत नाही. त्याचा प्रवास नीट समजून घ्या. केसासारखे बारीक प्रौढ जंत हरणाच्या स्नायूंच्या आवरणात आणि मेंदू व मज्जारज्जूभोवती राहतात. त्यांची अंडी रक्तातून फुप्फुसात जातात. तिथे अळ्या बाहेर पडतात, खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि लेंड्यांतून जमिनीवर पडतात. तिथे त्या गोगलगाईच्या अंगात शिरून वाढतात. पाल्याबरोबर ती गोगलगाय दुसऱ्या हरणाच्या पोटात गेली की अळ्या मज्जासंस्थेकडे निघतात.

न्यूफाउंडलंडमध्ये गोगलगाई होत्या. तिथे कॅरिबू ही रानटी हरणेही होती. कॅरिबू आणि रेनडिअर ही एकाच जातीची भावंडे. जंताला आणखी काय हवे?

१९७० च्या दशकात संशोधकांना हा जंत तिथल्या कॅरिबूंमध्ये सापडला. १९८० च्या दशकात बेटाच्या मध्यभागी आणि १९९० च्या दशकात आग्नेयेकडच्या अ‍ॅव्हलॉन द्वीपकल्पात त्याची साथ आली. मागचे पाय लुळे पडलेली, तोल जाणारी, माणूस जवळ आला तरी न पळणारी हरणे लोकांना दिसू लागली. सर्वांत जास्त फटका पाडसांना बसला. ही साथ नॉर्वेतून आलेल्या कळपामुळेच, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. भुकेल्या मुलांसाठी आणलेल्या जनावरांची किंमत सत्तर-ऐंशी वर्षांनी रानातल्या पाडसांनी मोजली.

साथ दर वर्षी का येत नाही? थंड उन्हाळ्यात गोगलगाईतली अळी हळू वाढते, उबदार उन्हाळ्यात लवकर तयार होते. नॉर्वेतही उबदार उन्हाळ्यानंतरच्या हिवाळ्यात रेनडिअरची पाडसे जास्त आजारी पडतात. पाळीव रेनडिअरला आयव्हरमेक्टिनसारखे औषध देता येते. रानातल्या हजारो कॅरिबूंना ते कोण देणार? जंत एकदा रानात शिरला की तो परत पाठवता येत नाही.

आपल्यासाठी यात काय?

हा जंत माणसाला होत असल्याचे ज्ञात नाही, त्यामुळे घाबरू नका. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, धडधाकट दिसणारा म्हणजे जंतमुक्त नव्हे. ती रेनडिअर समुद्रप्रवास सोसण्याइतकी सुदृढ होती. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी तब्येत चांगली असलेल्या मुलांनाही गोळी देतात ती याचसाठी.

दुसरी, एक तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे विषय संपला असे नाही. या जंताची लागण झाल्यावर लेंड्यांत अळ्या दिसायला चार महिने लागू शकतात. माणसाच्या जंतांमध्येही असा मधला काळ असतो. म्हणून तक्रार चालू राहिली तर डॉक्टर शौचाची तपासणी पुन्हा सांगतात. त्याचा कंटाळा करू नका.

तिसरी गोष्ट गोगलगाईची. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा अँजिओस्ट्राँगायलस हा याच जंताचा नातलग. तोही गोगलगाईतून पसरतो आणि चुकून माणसाच्या शरीरात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. भारतातही असे रुग्ण आढळले आहेत. पावसाळ्यात अंगणात आणि भाजीच्या वाफ्यात गोगलगाई फिरतात. पालेभाजी पान न् पान सुटे करून वाहत्या पाण्यात धुवा आणि शिजवून खा. कोशिंबिरीची पाने तर दोनदा बघा. मुलांनी गोगलगाय हाताळली तर साबणाने हात धुवायला लावा.

ग्रेनफेल यांच्या हेतूला नाव ठेवायला जागा नाही. त्यांच्या हाती आजचे ज्ञान नव्हते, आपल्या हाती ते आहे. तेव्हा पुढच्या वेळी घरातल्या सगळ्यांसाठी गोळ्या लिहून दिल्या, तर त्या सगळ्यांनी घ्या.