सायकलचा फ्रेंच रस्ता आणि आपले कोस

आर्सेन ल्यूपँ या सभ्य दरोडेखोराचा जनक म्हणून मोरिस लब्लां हे नाव अनेकांना ऐकून तरी ठाऊक असते. ल्यूपँ जन्माला येण्यापूर्वी, १८९८ साली, याच लेखकाने एक छोटी कादंबरी लिहिली. तिच्या शीर्षकाचा अर्थ ‘हे पाहा पंख’ असा होतो. दोन जोडपी सायकली घेऊन नॉर्मंडी आणि ब्रिटनीच्या ग्रामीण मुलखात हिंडायला निघतात, एवढेच कथानक. जसजशी गावे मागे पडतात तसतशी नागर शिस्त सैलावत जाते, स्त्रियांच्या अंगावरचे कॉर्सेट उतरतात आणि अखेरीस जोडीदारही बदलतात. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या झोलाच्या ‘पारी’ या कादंबरीतही, धर्मोपदेशकाचा झगा उतरवलेला पिएर मारीबरोबर सायकलवरून रानात जातो. लब्लांची कादंबरी थोर म्हणावी अशी नाही. पण एकाच वर्षी दोन लेखकांना मोकळीक दाखवण्यासाठी सायकल आणि खेड्याकडचा रस्ता यांचीच आठवण व्हावी, ही बाब वाङ्मयाच्या अभ्यासकाने सहज सोडून द्यावी अशी नाही.

या कथांमधील मोकळीक आपण सायकलच्या खात्यावर जमा करतो. रस्त्याच्या खात्यावर मात्र काहीच मांडत नाही. वस्तुतः फ्रान्सचा ग्रामीण भाग सायकलस्वारासाठी निसर्गाने सजवून ठेवलेला नव्हता. १८३६ च्या कायद्याने गावोगावच्या लहान रस्त्यांची देखभाल ही ग्रामसंस्थांची बंधनकारक जबाबदारी ठरली, आणि राजमार्गांच्या पलीकडे आडवाटांचे एक दाट जाळे तयार होत गेले. तो खटाटोप बैलगाडी, पीक आणि बाजार यांच्यासाठी होता. अर्धशतकानंतर सायकल आली ती या तयार जाळ्यावर. पण जाळे असून भागत नाही. परक्या माणसाला ते वाचता आले पाहिजे. हे काम १८९० साली स्थापन झालेल्या ‘तूरिंग क्लब द फ्रान्स’ने अंगावर घेतले. इंग्लंडमधल्या सायकलप्रवाशांच्या संघाच्या धर्तीवर काही सायकलवेड्यांनी काढलेली ही संस्था. तिने चौकाचौकांत दिशादर्शक पाट्या उभ्या केल्या, धोक्याच्या उताराआधी सूचना लावल्या, सदस्यांसाठी खाणावळींच्या याद्या छापल्या आणि खेड्यातल्या खाणावळवाल्यांच्या मागे लागून खोल्या स्वच्छ करवून घेतल्या. १९०० साली मिशेलँ या टायरवाल्यांची मार्गदर्शिका निघाली आणि पुढे त्यांचे नकाशेही आले. मोटारवाल्यांचे म्हणून आपण जे ओळखतो, त्यातले बरेचसे आधी सायकलवाल्यांनी मागितलेले होते. १९८३ साली ही संस्था विसर्जित झाली.

या सगळ्याला विचाराची बैठक दिली ती सँत-एतिएन या कारखानदारीच्या गावातल्या पोल द विवी याने. मूळचा रेशमाचा व्यापारी असलेला हा गृहस्थ सायकलींच्या धंद्यात शिरला, १८८७ साली त्याने ‘ल सिक्लिस्त’ हे नियतकालिक काढले आणि ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने तो लिहू लागला. शाकाहारी आणि एस्पेरांतो भाषेचा पुरस्कर्ता असलेल्या या माणसाला शर्यतीचे मुळीच कौतुक नव्हते. चढावर माणसाने हकनाक झिजू नये म्हणून तो गिअर बदलण्याच्या युक्त्यांवर सतत प्रयोग करत राहिला. आणि इकडे ‘तूर द फ्रान्स’ या १९०३ साली सुरू झालेल्या शर्यतीच्या चालकांनी मात्र गिअर बदलणारी यंत्रणा स्पर्धकांना १९३७ पर्यंत वापरू दिली नाही. शर्यतीला वीर हवे असतात. वीराचे कष्ट कमी झाले तर कथा उरत नाही. रोलां बार्थने १९५७ च्या आपल्या ‘मितोलॉजी’ या पुस्तकात या शर्यतीला महाकाव्य म्हटले आहे आणि तिचा भूगोल होमरच्या जातीचा ठरवला आहे, ते याच अर्थाने. वेलोसिओच्या प्रवासाला महाकाव्य म्हणता येणार नाही. तो निबंधाच्या जवळचा आहे. १९३० साली ट्रामखाली सापडून त्याचा मृत्यू झाला.

शर्यत आणि भटकंती यांच्या मधोमध आणखी एक प्रकार उभा राहिला. १८९१ साली एका वृत्तपत्राने पॅरिसहून ब्रेस्तला जाऊन परत येण्याची, सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत भरवली. शार्ल तेराँ ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकला. पुढे १९०४ साली ‘ओदाक्स क्लब पारिझियाँ’ स्थापन झाला आणि १९२१ पासून त्याने प्रत्येकाने आपापल्या गतीने जाण्याच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या सुरू केल्या. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. मदतीची गाडी मागे ठेवायची नाही. पंक्चर आपले आपण काढायचे. वाटेत ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळेच्या आत, हातातल्या पत्रिकेवर शिक्का घ्यायचा. या पत्रिकेला ‘ब्रेव्हे’ म्हणतात आणि अशा भटकंतीला ‘राँदोने’. हा दुसरा शब्द मुळात शिकारीच्या परिभाषेतला आहे: उठवलेले जनावर आपल्या ठिकाणाभोवती जो फेरा मारते, तो राँदोने. म्हणजे शब्दाच्या मुळाशी पळणारा जीव आहे, पण तो घराभोवती फिरणारा आहे.

भारतात ही फ्रेंच पत्रिका पुण्याच्या दिव्या ताटे यांच्या पुढाकाराने २०१० नंतर रुजली. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर असे करत ‘बीआरएम’ हा शब्द महाराष्ट्रातल्या सायकलवाल्यांच्या तोंडी रुळला, आणि दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस–ब्रेस्त–पॅरिसला २०१९ साली भारतातून शेकडो सायकलस्वार गेले. ही साधी गोष्ट नाही. मराठी मुलखाने सायकल फार लवकर आपलीशी केली होती. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे जे दुकान निघाले ते सायकलींचेच होते. पण ती सायकल शाळेची, गिरणीची, दुधाच्या कॅनची, तासावर भाड्याने मिळणारी. ती कामाला जात असे. लांबच्या प्रवासाला एस.टी. होती.

तरीही या नव्या पत्रिकेतील एक तपशील मला सलतो. फ्रान्समध्ये पावरोटीवाला किंवा कॉफीवाला आपल्या दुकानाचा शिक्का मारतो, आणि त्या शिक्क्यावर गावाचे नाव असते. तिथल्या सायकलपर्यटन महासंघाची आणखी एक योजना आहे: प्रत्येक जिल्ह्यातली सहा ठिकाणे ठरवून दिलेली, आयुष्यभरात केव्हाही, कितीही सावकाश, ती सगळी पाहायची आणि तिथल्या दुकानदाराचा शिक्का घ्यायचा. आपल्याकडे पोहोचल्याचा पुरावा म्हणून सर्रास वापरली गेली ती एटीएमची पावती. सोय म्हणून ती उत्तमच आहे. पण मार्ग बहुतेक राष्ट्रीय महामार्गाचा, वळण्याची जागा टोलनाक्याजवळची आणि पुरावा यंत्राचा. दोनशे किलोमीटर कापून माणूस घरी येतो तेव्हा त्याच्याजवळ वेळ असते, गाव नसते. नियम आपण फ्रान्सकडून घेतले. ते नियम ज्या वाचता येणाऱ्या मुलखावर उभे होते, तो काही घेता आला नाही.

मग आपला मुलूख कुणी वाचून ठेवलेला नव्हता काय? होता, आणि योगायोग असा की मराठवाड्यापुरता तो एका फ्रेंच माणसानेच कागदावर उतरवला. झाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निए हा हिऱ्यांचा व्यापारी सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याला अनेकदा गेला. १६७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात या वाटेची मुक्कामवार यादी आहे: अमुक गावाहून तमुक गाव, इतके कोस. एकूण ३२४ कोस, आणि ते त्याने २७ दिवसांत कापले. म्हणजे रोजचे बारा. फ्रेंच कानाने ऐकलेली आपली गावे त्यात ओळीने उभी आहेत. ‘नवापूरा’ म्हणजे नवापूर. तिथल्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो असे तो लिहितो. ‘दुल्ताबात’ म्हणजे दौलताबाद. मग औरंगाबाद, पुढे ‘ओबार’ म्हणजे अंबड, ‘आस्ती’ म्हणजे आष्टी, आणि ‘नादूर’ म्हणजे नांदेड, जिथे नदी ओलांडताना गाडीमागे चार रुपये भरावे लागत. औरंगाबादच्या पाच मुक्काम अलीकडे त्याला संगमरवराने लादलेल्या तीनशेहून अधिक गाड्या भेटल्या; त्यांतल्या लहानात लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते. हा दगड कशासाठी चालला होता हे मकबऱ्यासमोर उभे राहिले की कळते. ताव्हेर्निएच्या सगळ्या यादीत रस्ता खऱ्या अर्थाने दिसतो तो या एका वाक्यात; बाकी सारा हिशेब आहे. १६६६ साली भारतात आलेला झाँ द तेव्हनो हा दुसरा फ्रेंच प्रवासी याच बाजूने गेला आणि वेरूळच्या लेण्यांचे वर्णन करून गेला. त्याची नजर अधिक उघडी होती, पण आयुष्य थोडे; १६६७ साली परतीच्या वाटेवर इराणात तो वारला.

व्यापाऱ्याच्या यादीला तोलून धरणारी दुसरी यादी आपल्याकडे होती आणि आहे: वारीची. पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा तिचे मुक्काम ठरलेले असतात, वेळ ठरलेली असते, सोबत्याला सोडायचे नसते आणि पहिले येण्याला किंमत नसते. ओदाक्सच्या नियमांशी हे साम्य मला गमतीचे वाटते. याहून अधिक काही त्यातून काढू नये. पण आपली भाषा या चालीतूनच घडलेली आहे. कोस हा ‘क्रोश’पासून आला, म्हणजे हाक जिथवर ऐकू जाईल ते अंतर. मजल आणि मुक्काम हे शब्द अरबीतून आले. एवढी सामग्री हाताशी असूनही मराठीत रस्त्याचे गद्य विरळच राहिले. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ हा मोठा अपवाद आहे. १८५७ ची ती पायपीट छापून यायला १९०७ साल उजाडले. आपल्या प्रवासवर्णनाने पुढे बोट धरले, मग विमान; आणि चालण्याच्या किंवा पायडल मारण्याच्या गतीने दिसणारा आपलाच जिल्हा वर्णनाबाहेर राहिला.

ही हळहळ केवळ वाङ्मयीन असती तर तिच्यासाठी इतकी शाई खर्चायची गरज नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा हा मार्ग पूर्ण झाला. तो छत्रपती संभाजीनगरला अगदी खेटून जातो. दौलताबादच्या पायथ्याशी माळीवाड्याला त्यावर चढता येते. त्याच्यावर दुचाकीला मज्जाव आहे. वेगाचा विचार करता मज्जाव योग्यच म्हणावा लागेल. पण या मुलखातला सर्वांत चांगला बांधलेला, सर्वांत चांगल्या पाट्या लावलेला रस्ता सायकलवाल्यासाठी नाही, आणि जे रस्ते त्याच्यासाठी उरले त्यांच्यावर गावाच्या नावाची पाटी सापडली तर ती बहुधा वाढदिवसाच्या फलकाआड असते.

आणि तरीही हे रस्ते आहेत. पुंडलिकनगरातून पहाटे निघाले तर वाहतूक जागी होण्यापूर्वी शहर ओलांडून दौलताबादच्या वेशीपाशी पोहोचता येते. तिथे धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गाचा जुना रस्ता अजूनही तटाच्या दरवाजातून जाताना पाहिलेली माणसे भेटतात. पुढे घाट, खुलताबाद, आणि उतारावर वेरूळ. हा तेव्हनोचा मुलूख. दुसऱ्या बाजूला पैठण, पन्नासेक किलोमीटर. तिसरी दिशा ताव्हेर्निएची: यादीप्रमाणे औरंगाबादहून आठ कोसांवर ‘पिपेली’, तिथून बारा कोसांवर अंबड. पिंपळाच्या नावाने वसलेली गावे या पट्ट्यात इतकी आहेत की सायकलवाल्याने आठ कोस मोजून प्रत्येक पिंपरीत, प्रत्येक पिंपळगावात थांबावे आणि तिथल्या किराणा दुकानदाराकडे शिक्का आहे का ते विचारावे.