वळिवड्याची पोलिश शाळा

नाशकात ‘कॅम्प’ म्हटलं की देवळाली. फाळणीनंतर तिथे आलेली सिंधी कुटुंबं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पण त्याआधीच, १९४३ ते १९४८ या काळात, कोल्हापूरजवळ वळिवड्याला एक कॅम्प होता आणि त्यात राहत होते चक्क पोलंडचे लोक! सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं.

१९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टालिन चालून आले. पूर्वेकडच्या लाखो लोकांना सोव्हिएत गुप्त पोलिसांनी उचलून सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली. पुरुष सैन्यात गेले. कुटुंबं इराण, कराची असं करत आपल्या पंचगंगेकाठी येऊन पोचली.

बराकींच्या या गावात त्यांनी चर्च उभारलं, नाटकं केली, पण मला जास्त अप्रूप शाळांचं. प्राथमिक होत्या, माध्यमिक होत्या, हातकामाचं शिक्षण होतं. शिकवणाऱ्या बहुतेक बायकाच, त्याच हालअपेष्टांतून आलेल्या. पुस्तकांची टंचाई. मुलांची दोन-दोन वर्षं वाया गेलेली, त्यामुळे वय आणि इयत्ता यांचा मेळ कुठला बसायला! (मास्तरकी केलेल्यांना कळेल, एका वर्गात अशी सरमिसळ असली की काय होतं ते.) शिकवायचं पोलिशमधून, पोलंडचा इतिहास, पोलंडचा भूगोल. का? तर लढाई संपली की घरी जायचंय म्हणून.

आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तीन बड्यांनी ठरवलं की पूर्व पोलंड सोव्हिएत युनियनकडे राहणार. म्हणजे यातल्या बहुतेकांची गावंच देशाबाहेर गेली. जुलैत ब्रिटन-अमेरिकेने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. माझं मन इथेच अडकतं. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला त्या बाईंनी फळ्यावर सीमा कुठून काढली असेल? ल्वूफ शहर आत की बाहेर? वर्गातल्या एखाद्या मुलीचं घर तिथेच असणार ना.

शाळा मात्र बंद पडल्या नाहीत. उलट १९४६ मध्ये जामनगरजवळच्या बालाचडीची मुलंही इथे आली. (तिथल्या जामसाहेबांचं नाव सगळे घेतात, आपल्या वळिवड्याचं फारसं कुणी घेत नाही. असो.) पुढे कुणी ब्रिटनला गेलं, कुणी ऑस्ट्रेलिया-कॅनडाला, थोडे पोलंडला परतले.

रिकाम्या झालेल्या त्या जागेत मग कोण आलं? सिंधी निर्वासित! त्यांचंही गाव नकाशात पलीकडे गेलेलं. तेच आजचं गांधीनगर, कापडबाजाराचं. कोल्हापूरच्या मंडळींनो, लग्नाचा बस्ता बांधायला तिकडे जालच, तर शहरात महावीर उद्यानात या पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे, तोही बघून या.