मोटारविमा : नुकसानीच्या मूल्यांकनाचा वाद

अपघातात मोडलेल्या गाडीचे नुकसान विमा कंपनीने किती धरले, यावरून वाहनमालक आणि कंपनी यांच्यात होणारा तंटा. दावा कंपनीला मान्य असतो. भांडण आकड्याचे असते. रायगडच्या किनारपट्टीत मुंबई-गोवा महामार्गावरील अपघातांच्या जोडीला जून २०२०चे निसर्ग चक्रीवादळ आणि जुलै २०२१चा महाडचा पूर यांसारख्या आपत्तींतही गाड्यांचे नुकसान होते. पॅकेज पॉलिसीत वादळ, पूर, दरड हे सारे धरलेले असते. नुसत्या थर्ड पार्टी विम्यावर स्वतःच्या गाडीसाठी छदाम मिळत नाही.

अर्धा वाद पॉलिसी घेतानाच ठरून गेलेला असतो. गाडीच्या किमतीतून वयानुसार घसारा वजा करून विमा घोषित मूल्य (आयडीव्ही) काढतात : पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, दुसऱ्या वर्षी २०, पाचव्या वर्षी ५०, त्यापुढे उभयतांच्या संमतीने. हप्ता वाचवायला आयडीव्ही कमी लावून घेणारा मालक पुढे स्वतःच अडकतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ ठरते आणि भरपाई आयडीव्हीवरच मोजली जाते. नूतनीकरणावेळी स्वीकारलेले मूल्य कंपनीवर बंधनकारक असते, असे सर्वोच्च न्यायालयाने धर्मेंद्र गोयल खटल्यात (२००८) म्हटले.

दुरुस्तीच्या दाव्यात कात्री लागते ती सुट्या भागांना. प्लास्टिक, रबर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा, फायबरवर ३०, काचेवर शून्य. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे. ‘झिरो डेप’ हे जादा कवच घेतले असेल तर ही कपात बहुतांशी टळते. किनाऱ्यावरचा खास तंटा मात्र गंजाचा. खाऱ्या हवेने खालचा पत्रा आधीच खाल्लेला असतो आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर तो ‘जुने नुकसान’ म्हणून वगळतो. झीज पॉलिसीत बसत नाही, हे खरेच. पण धडकेने वाकलेला पत्राही गंजाच्या खाती टाकला तर लेखी हरकत घ्यावी. त्यासाठी गाडी टो करण्याआधी जागेवरच काढलेले फोटो लाखमोलाचे. पुरात बुडालेली गाडी सेल्फ मारून पाहिली आणि इंजिन गेले, तर ते नुकसान नाकारले जाण्याची शक्यता मोठी.

सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया विरुद्ध प्रदीप कुमार खटल्यात (२००९) स्पष्ट केले. तेव्हा अहवालाची प्रत मागून घ्यावी आणि गॅरेजचे तपशीलवार एस्टिमेट त्याच्याशी कलमवार ताडून पाहावे.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. महिन्याभरात उत्तर न आल्यास किंवा न पटल्यास विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. दुसरा मार्ग अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा, मुदत दोन वर्षे. आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल तीच तक्रार घेत नाही, म्हणून मार्ग आधी निवडावा.