टिकाऊ गांडूळ

मासे पकडणाऱ्यांवर पुष्कळ लिहिलं जातं. माशांवर तर त्याहून अधिक, आणि त्यातलं निम्मं पाककृतींच्या पुस्तकांत. पण गळाच्या टोकावर जो खरोखर टोचला जातो, त्या गांडुळाचा इतिहास लिहायची आपल्याकडे पद्धत नाही. बखरीत सेनापती असतो, हत्ती असतो, एखादा घोडाही नावानिशी असतो. आघाडीवर जो पहिला पडतो त्याचं नाव मात्र कुठंच येत नाही. गांडूळ हे त्या जातीचं.

हा विषय माझ्याकडे आला तो आमच्या मेव्हण्यांमुळे. नोकरी संपल्यावर ते तळेगावच्या पलीकडे आंबीला राहायला गेले. लोणावळा, कार्ला, कामशेत, वडगाव करत आलेली इंद्रायणी आंबीवरून खाली इंदोरी, देहू आणि आळंदीकडे जाते. घराशेजारी नदी असलेल्या निवृत्त माणसापुढे दोनच मार्ग उरतात: एक देहूचा आणि दुसरा गळाचा. मेव्हण्यांनी दुसरा धरला.

त्यांचा मुलगा अमेरिकेत, ओहायो राज्यात असतो. एका दिवाळीला त्यानं वडिलांना एक पाकीट पाठवलं. आत वीतभर लांबीची वीस गांडुळं. जांभळी, मऊ, लिबलिबीत आणि प्लॅस्टिकची. शिवाय त्यांना बडीशेपेचा वास. आमच्या बहिणीनं दोन दिवस ती मुखशुद्धीच्या डब्याशेजारी ठेवली होती. पाहुणे कमी येतात म्हणून मोठा प्रसंग टळला.

पाकिटाबरोबर चिठ्ठी होती: “बाबा, ही बास माशासाठी आहेत. जपून वापरली तर एक गांडूळ पुष्कळ दिवस जातं.” आपल्याकडे ‘बास’ म्हटलं की जेवणारा ताटावर हात आडवा धरतो. अमेरिकेतल्या या माशाला ‘बास’ म्हणणं ठाऊकच नाही. तोंड मोठं, भूक त्याहून मोठी; बेडूक, मासोळी, गांडूळ, जे समोर हलेल ते तो पाण्यासकट आत ओढतो. तो काही इंद्रायणीत नाही. पण मेव्हण्यांना त्या चिठ्ठीतला मासा दिसलाच नाही. त्यांना दिसलं ते “पुष्कळ दिवस जातं”. ज्या घरात दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालतात, त्या घरात हे तीन शब्द वेदवाक्य असतात.

आमिष टिकत नाही, ही तक्रार तशी जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचला. जुन्या मराठीचे अंश त्यात सापडतात म्हणून आपले अभ्यासक त्याच्याकडे मोठ्या आदरानं जातात. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं एक प्रकरण आहे. नावावरून एखादा विनोदी लेख वाटेल, पण राजा अगदी गंभीर आहे. मासे किती प्रकारचे, कोणाला पिठाचे गोळे घालावेत, कोणाला मांस, दोरी कशी, काठी कशी, हे सारं त्यानं शिस्तीत सांगितलं आहे. सुंदर लाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून ते जगापुढे आणलं. सिंहासनावरच्या माणसालासुद्धा कणकेच्या गोळ्याची चिंता होती, हे वाचून मेव्हण्यांना फार बरं वाटलं.

पुढे इंग्रज आले. त्यांपैकी कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांची मोजदाद केली आणि १८३९ साली ती लंडनला छापून आली. इथल्या लोकांच्या तोंडची नावं त्यांनी लॅटिनच्या मुंडावळ्या बांधून शास्त्राच्या बोहल्यावर उभी केली. शिंगटीचं ‘सींगटी’ झालं, मरळसुद्धा यादीत आली आणि आपल्या सह्याद्रीतला महाशीर ‘खुद्री’ या नावानं कायमचा ग्रंथात बसला. मग १८७३ साली हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासकडच्या मुलकी अधिकाऱ्यानं हिंदुस्थानातल्या गळावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि महाशीर विलायतेच्या सामन माशाला भारी आहे असं सांगून साहेबांची झोप उडवली.

साहेब पितळी चमचे आणि रंगीत पिसं वापरत. मावळातली माणसं गांडूळच वापरत आली. ते टिकवायचं शास्त्रही त्यांच्याकडे होतं. डब्यात ओली माती, वर पालापाचोळा, त्यावर भिजकं गोणपाट आणि डबा सावलीत. गळावर लावताना नुसतं अडकवायचं नाही; सुईत दोरा ओवावा तसं लांबवर ओवायचं, म्हणजे मासोळ्यांनी शेपूट खाल्लं तरी धड राहतं. कणीक वापरायची तर ती उकडून मळायची आणि तिच्यात थोडा कापूस पिंजून घालायचा, म्हणजे पाण्यात विरघळत नाही. इतकं करूनही गांडूळ टिकतं ते घटकाभर. जिवंत वस्तूचा हा एक दोषच आहे.

हा दोष दूर झाला तो ओहायोतल्या ॲक्रन नावाच्या गावात. हे गाव म्हणजे मोटारींच्या टायरांचं माहेर. तिथल्या गुडरिच कंपनीत वॉल्डो सीमन नावाचा रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटवायचा गोंद शोधत होता. पीव्हीसी म्हणजे आज ज्याचे नळ आपल्या भिंतींतून जातात ते. त्या काळी तो निरुपयोगी, ठिसूळ माल समजला जाई. सीमननं १९२६ साली तो एका द्रावकात तापवला आणि हाती गोंद न येता एक मऊ, लवचीक, जेलीसारखा पदार्थ आला. गोंद राहिला बाजूला. त्यातून रेनकोट झाले, विजेच्या तारांची वेष्टनं झाली.

त्याच ॲक्रनमध्ये निक क्रीम नावाचा एक गळवेडा गृहस्थ राहत होता. त्यानं आणि त्याची बायको कॉस्मा हिनं १९४९ साली घरच्या घरी खऱ्या गांडुळाचा साचा काढला आणि त्यात असलाच मऊ प्लॅस्टिकचा रस ओतला. स्वयंपाकघरात बाईनं गांडुळं शिजू दिली, या एका गोष्टीसाठी कॉस्माबाईंचा फोटो प्रत्येक गळवेड्याच्या देव्हाऱ्यात असायला हवा. आमच्या बहिणीनं मेव्हण्यांना साध्या कणकेसाठी परात देताना काय काय ऐकवलं, ते मला माहीत आहे. क्रीम दांपत्यानं ही गांडुळं डाकेनं डॉलरला पाच या भावानं विकली, आणि पुढे त्यांचा धंदा टेक्सासात गेला. तिथं नव्या धरणांच्या तलावांत बास मासे आणि बुडालेल्या झाडांच्या फांद्या, दोन्ही भरपूर होतं.

या प्लॅस्टिकमध्ये खुबी अशी की लाकडाचं किंवा धातूचं खोटं आमिष मासा तोंडात घेताच थुंकतो. मऊ गांडूळ मात्र त्याला खऱ्यासारखं लागतं. ते तो क्षणभर जास्त धरून ठेवतो आणि तेवढ्यात दोरी ओढली जाते. पण जे मऊ ते फाटणार. फाटतं ते बहुधा गळ्याशी, जिथून गळ आत शिरतो तिथं. टेक्सास पद्धतीत गळ गांडुळाच्या तोंडातून आत घालतात, पाव इंचावर बाहेर काढतात आणि फिरवून त्याचं टोक पुन्हा अंगात लपवतात, म्हणजे झाडाझुडपात अडकत नाही. सगळा ताण त्या पाव इंचावर येतो.

इथून मेव्हण्यांची खरी प्रतिभा सुरू होते. त्यांनी मुलाला फोनवर विचारून विचारून सगळे उपाय जमवले. पहिला उपाय तोंड कापून टाकायचा: फाटलेलं अर्धा इंच काढायचं आणि खाली नवं भोक पाडायचं. आपल्या वडिलांच्या पिढीत शर्टाची कॉलर विरली की ती उलटी करून शिवत, हे तेच. दुसरा उपाय डिंकाचा. हॅरी कूव्हर यांना १९४२ साली बंदुकीची पारदर्शक दुर्बीण करताना जो झटपट चिकटणारा पदार्थ सापडला, तोच आपल्याकडे दहा-पाच रुपयांच्या नळीत मिळतो. त्याचा एक थेंब गांडुळाच्या मानेत सोडायचा. तिसरा उपाय सुरी तापवून फाटलेल्या कडा जोडायचा. हा मोकळ्या हवेतच करावा, कारण पीव्हीसीचा धूर छातीला वाईट. हा शोध बहिणीनं लावला, आणि त्यानंतर हे खातं अंगणात गेलं. चौथा म्हणजे रबराचं कडं: गांडुळाच्या पोटाला कडं घालायचं आणि गळ अंगातून न नेता कड्याखालून न्यायचा.

साठवणीचेही नियम आहेत. गांडुळं मूळ पाकिटातच, सरळ झोपवून ठेवावीत. वाकडी ठेवली तर वाकडीच राहतात. काळं आणि पिवळं एकत्र ठेवू नये, रंग एकमेकांना लागतो. निराळ्या जातीचं प्लॅस्टिक तर शेजारीही ठेवू नये. मऊ करणारं तेल एकातून दुसऱ्यात जातं आणि सकाळी डब्यात लगदा होतो. आमच्या बहिणीच्या टिफिनच्या झाकणावर एका गांडुळाची आकृती कायमची उमटली आहे. ती घासून जात नाही.

तर अशी डागडुजी केलेली गांडुळं घेऊन मेव्हणे मरळीच्या आशेनं नदीवर बसले. मीही शेजारी होतो. थोड्या वेळानं गळ घेऊन एक म्हातारबा आले, शेजारी टेकले आणि पाकिटाकडे बघत राहिले.

“पावनं, ह्यो काय परकार म्हनायचा?”

“प्लॅस्टिकचं गांडूळ, बाबा. वर्षभर टिकतं.”

“आन् मासं खात्यात?”

“खात नाहीत. तोंडात धरतात. तेवढ्यात आपण ओढायचं.”

म्हातारबांनी ते हातात घेऊन ताणून पाहिलं, वास घेतला. “म्हंजी त्याच्या पोटात काय जातच न्हाई,” ते म्हणाले. मग थोडं थांबून विचारलं, “आन् तुटून पान्यात ऱ्हायलं तर?”

मेव्हण्यांजवळ सगळे उपाय होते. डिंक होता, कडं होतं, सुरी होती. या प्रश्नाला त्यांच्या डब्यात काही नव्हतं.

तिकडे हा प्रश्न विचारून झाला आहे. गळावरून निसटलेलं मऊ प्लॅस्टिक तलावाच्या तळाशी पडतं, पाण्यात फुगतं आणि माशांच्या पोटात सापडतं. अमेरिकेतल्या मेन राज्यात २०१३ साली अशा आमिषांवर बंदीचा प्रस्ताव आला होता. बंदी झाली नाही, पण विचार सुरू झाला. शहाणे गळवाले आता फाटलेली गांडुळं खिशात घालून घरी आणतात. मानेला डिंक लावण्यात काटकसर आहेच. पण गांडूळ गळावर टिकलं तर ते पाण्यात पडत नाही, हा त्याहून मोठा फायदा आहे.

कुठली गोष्ट कुठे टिकावी, याला महत्त्व आहे. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावावर १९७०च्या दशकापासून खुद्री महाशीराची पिल्लं वाढवली गेली. धरणं आणि सुरुंगाची मासेमारी यांच्यापुढे हा मासा संपेल अशी धास्ती होती. तो टिकला, हे त्या लोकांचं मोठं काम. त्यातली काही पिल्लं १९७८ पासून कावेरीत सोडली गेली. तिथंही ती टिकली, इतकी की कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर आज नामशेष होण्याच्या काठावर आहे, आणि अभ्यासक त्याच्या कारणांत आपल्या लोणावळेकरांचं नाव घेतात.

मेव्हणे अजून नदीवर जातात. पाकीट घरात आहे, पण गळावर गांडूळ मातीतलं असतं. प्लॅस्टिकचं काढलंच तर त्याच्या मानेला डिंक आणि पोटाला कडं, असा सगळा साज असतो, आणि निघताना ते मोजून परत ठेवतात.

आंबीहून खाली देहूला याच पाण्यात घाटाशी मासे आहेत. त्यांना कोणी गळ टाकत नाही, ते देवाचे. वारकरी लाह्या टाकतात, कणकेच्या गोळ्या टाकतात. त्यात कापूस नसतो आणि ते किती टिकेल याची कोणाला फिकीर नसते. टाकलं, माशानं खाल्लं, संपलं. पण अलीकडे त्याच घाटावर मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या एकाहून अधिक वेळा आल्या, आणि आळंदीला नदीवर पांढरा फेस येतो तो आपण सगळ्यांनी फोटोत पाहिला आहे. तो गांडुळांमुळे नाही, हे उघड आहे. वरच्या अंगाला आपण जे जे सोडतो, ते वाहून तिथे जातं. म्हातारबांचा प्रश्न मेव्हण्यांच्या पाकिटाला होता, पण पत्ता बराच लांबचा होता.