चिठ्ठी आधी कोणी उचलायची?

भिशीची सोडत असो की जत्रेतल्या दुकानांच्या जागांची, एक वाद ठरलेलाच. डब्यात चिठ्ठ्या पडतात, डबा हलवला जातो आणि कोणीतरी पुढे सरसावतो, "पयली चिठी हांव काडटलों!" मागे राहिलेल्यांना वाटते, आता आपल्या वाट्याला काय उरणार? सरकारी कचेरीत इतकी वर्षे काढल्यावर अशा सोडती मी पुष्कळ पाहिल्या. हरलेला माणूस नशिबाला क्वचितच बोल लावतो. तो आधी रांगेला लावतो आणि मग डबा धरणाऱ्याला. म्हणून हा प्रश्न मला नुसता गणिताचा वाटत नाही. मी कला शाखेचा, गणिताशी माझे सख्य बेताचेच. पण इतिहासाच्या वाटेने गेलो तर हे गणितही समजते.

तामिळनाडूत कांचीपुरमजवळ उत्तरमेरूर नावाचे गाव आहे. तिथल्या देवळाच्या भिंतीवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले, इ. स. 919 आणि 921 चे शिलालेख आहेत. गावच्या सभेच्या समित्या चिठ्ठ्या टाकून कशा निवडाव्यात, याचे नियम त्यांत कोरले आहेत. या पद्धतीला 'कुडवोलै' म्हणतात, म्हणजे घडा आणि ताडपत्र. गावाचे तीस वॉर्ड. पात्र माणसांची नावे ताडपत्रावर लिहून वॉर्डावार जुड्या बांधायच्या आणि घड्यात टाकायच्या. वृद्ध पुजाऱ्याने घडा सर्वांना दिसेल असा उचलून धरायचा. आत काय आहे हे ठाऊक नसलेल्या लहान मुलाने एक जुडी काढायची, ती दुसऱ्या रिकाम्या घड्यात सोडून हलवायची आणि मग त्यातून एक पत्र काढायचे. ते मध्यस्थाने पाचही बोटे फाकून, उघड्या तळहातावर घ्यायचे आणि मोठ्याने वाचायचे. जमलेल्या पुजाऱ्यांनीही ते वाचायचे. बोटे फाकायची कशासाठी? चिठ्ठी मुठीत बदलता येऊ नये म्हणून. अकराशे वर्षांपूर्वी हातचलाखीचा विचार इतका बारकाईने झाला होता!

हे लोकशाहीचे आजचे रूप नव्हते. जमीन आणि स्वतःचे घर असलेल्या, वेद शिकलेल्या, 35 ते 70 वयाच्या माणसांपुरतीच ही निवड होती. पण त्यात आणखी एक नियम होता. मागच्या तीन वर्षांत जो समितीवर होता, त्याचे नाव घड्यात टाकायचे नाही. एकदा निघालेली चिठ्ठी लगेच परत टाकायची नाही, असाच त्याचा अर्थ. सोडतीच्या गणिताचा सगळा मर्म या 'परत टाकायची की नाही' मध्ये आहे.

आपली भिशीच घ्या. बारा सभासद, बारा महिने, दरमहा एक चिठ्ठी. जिचे नाव निघाले तिची चिठ्ठी परत डब्यात जात नाही. पहिल्या महिन्यात तुमचे नाव निघण्याची शक्यता बारात एक. दुसऱ्या महिन्यात अकरात एक. म्हणजे वाढली की! पण दुसऱ्या महिन्यापर्यंत थांबायची पाळी येण्याची शक्यता बारात अकरा होती. अकरा छेद बारा गुणिले एक छेद अकरा, उत्तर पुन्हा बारात एक. कोणताही महिना घ्या, सुरुवातीला हिशेब तोच येतो. चिठ्ठी आधी उचला की शेवटी, तेच. एकाने उघडून दाखवली की उरलेल्यांची माहिती बदलते, न्याय बदलत नाही.

मग क्रमाला कधीच महत्त्व नाही का? आहे, आणि ते युरोपातल्या एका कोड्यात दिसते. डच गणिती ख्रिस्तियान हायगेन्स याने 1657 साली जुगाराच्या गणितावर छोटे पुस्तक लिहिले आणि शेवटी पाच कोडी दिली. दुसरे कोडे असे: बारा गोट्या, चार पांढऱ्या, आठ काळ्या. तिघांनी डोळे बांधून पाळीपाळीने उचलायच्या. ज्याला पहिली पांढरी मिळेल तो जिंकला. तिघांच्या शक्यतांचे प्रमाण काय?

काढलेली काळी गोटी परत टाकायची की नाही, हे हायगेन्सने लिहिलेच नव्हते. 1665 साली योहान हुड्ड आणि तो यांच्यात यावर पत्रव्यवहार झाला. हायगेन्स गोटी परत टाकत होता, हुड्ड टाकत नव्हता, त्यामुळे उत्तरे जुळेनात. पुढे याकोब बर्नुलीने या कोड्याचे वेगवेगळे अर्थ सुटे करून सोडवले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, 1713 साली छापला गेला. गोटी परत टाकली तर प्रमाण 9 : 6 : 4, न टाकली तर 77 : 53 : 35. दोन्हींत पहिला पुढेच, कारण पांढरी निघताच खेळ संपतो आणि मागच्यांना हात घालायलाच मिळत नाही. भिशीत प्रत्येकाची पाळी येते, इथे येत नाही.

आपल्याकडे मोजण्याची विद्या कमी नव्हती. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) शंभूच्या दहा हातांतली दहा आयुधे अदलून बदलून 36,28,800 रूपे होतात, असा हिशेब आहे. ती रचनांची मोजणी होती. डावातल्या शक्यतेची मोजणी मात्र खेळणाऱ्यांच्या डोक्यात चाले. पेडण्यापलीकडच्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहा. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, एकूण 120. तीन खेळाडू, प्रत्येकी चाळीस. दिवसा रामाचा राजा असलेला उतारी करतो, रात्री कृष्णाचा. माझ्या हातात नसलेली दोन ठरावीक पाने एकाच प्रतिस्पर्ध्याकडे असण्याची शक्यता किती? निम्मी वाटते, पण ती 79 त 39 आहे, निम्म्याहून किंचित कमी. एक पान ज्याच्याकडे गेले, त्याच्याकडे दुसऱ्यासाठी एक जागा कमी उरते. खेळून गेलेली पाने ज्याच्या लक्षात राहतात त्याला लोक नशीबवान म्हणतात. तो फक्त लक्ष ठेवून असतो.

सावंतवाडीच्या गंजिफेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहे. पण पाने भिंतीवर टांगण्यापेक्षा वाटून खेळली गेली, तर त्यांतले हे गणितही जिवंत राहील. आणि सोडतीपुरते सांगायचे तर रांगेत पुढे घुसण्यापेक्षा दोन गोष्टी आधी विचाराव्यात: निघालेली चिठ्ठी परत टाकणार का, आणि ती काढणाऱ्याची बोटे सर्वांना दिसणार का?