अजिंठ्याच्या भिंतीपुढील विद्यार्थी

चित्रकला शिकणाऱ्या तरुणास स्फूर्ति कोठून मिळते, हा प्रश्न बहुधा नांवारूपास आलेल्या चित्रकारांस विचारण्यांत येतो; आणि तेही उतारवयांत जसें आठवेल तसें त्याचें उत्तर देतात. प्रत्यक्ष विद्यार्थिदशेंत असलेल्या मुलास असें कोणी विचारीत नाहीं. त्याच्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं नसतें, असा आपला समज. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंतील कांहीं विद्यार्थी कित्येक हिवाळे अजिंठ्याच्या लेण्यांत बसून चित्रें उतरवून घेत होते, आणि त्यांनीं तेथें काय पाहिलें ह्याची साक्ष त्यांच्याच हातच्या रंगविलेल्या कापडांवर अजून शिल्लक आहे.

ही शाळा जमशेटजींनीं देऊं केलेल्या एक लाख रुपयांच्या देणगींतून १८५७ सालीं सुरू झाली. १८६५ सालीं जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोन शिक्षक विलायतेहून तेथें दाखल झाले. किपलिंग मूर्तिकाम व इमारतींवरील कोरीवकाम शिकवी. ग्रिफिथ्सकडे सजावटीचें चित्रकाम होतें. शाळेचें वळण साउथ केन्सिंग्टनचें. आधीं बाह्यरेषा, मग भूमिति, मग प्लॅस्टरच्या ओतीव मूर्तींवरून छायाप्रकाश, आणि जिवंत माणूस सर्वांच्या शेवटीं! गिरगांवांतून येणाऱ्या मुलानें ग्रीक देवतेच्या नाकाची सरळ रेषा महिनेमहिने घोटावी, आणि घरीं परततांना वाटेवर दिसणारी कोळीण, ओझें वाहणारा हमाल, देवळाच्या पायरीवर टेकलेली म्हातारी ह्यांत चित्र आहे हें त्याच्या ध्यानांतही येऊं नये, असा ह्या वळणाचा धोका होता. खुद्द किपलिंगला तो जाणवला असावा. कारण १८७० च्या पुढील एकदोन वर्षांत विणकर, कुंभार, सोनार अशा कारागिरांचीं त्यानें काढलेलीं रेखाचित्रें पाहिलीं, तर हा मनुष्य शाळेच्या भिंतींबाहेर पाहत होता ह्याविषयीं शंका राहत नाहीं.

अजिंठ्याचीं लेणीं त्या काळीं निजामच्या राज्यांत होतीं. १८१९ सालीं शिकारीस निघालेल्या मद्रासकडील पलटणींतल्या एका गोऱ्या अधिकाऱ्यास तीं आढळलीं, ही हकीकत सर्वश्रुत आहे. (आसपासच्या गांवकऱ्यांस तीं तोंवर ठाऊक नव्हतीं, असें मात्र कोणीं समजूं नये.) १८४४ पासून रॉबर्ट गिल ह्या लष्करी अधिकाऱ्यानें कंपनी सरकारच्या हुकमानें तेथें राहून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडलेल्या असतां १८६६ च्या डिसेंबरांतील आगींत बहुतेक जळून गेल्या. एका माणसाच्या उमेदीचीं इतकीं वर्षें अशीं राख झाल्यावर तेंच काम पुन्हां हातीं घ्यावें, आणि तें शाळेच्या विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावें, असें ठरलें. १८७२ च्या हिवाळ्यांत ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्यास गेला. हंगामामागून हंगाम हें काम १८८५ पर्यंत चाललें, आणि तेवढ्या अवधींत तीनशेंच्या आसपास नकला तयार झाल्या.

वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर, कातळाच्या पोटांत हीं तीसएक लेणीं आहेत. आंत दारांतून शिरेल तेवढाच उजेड. सूर्य कलला कीं सकाळीं स्पष्ट दिसलेला चेहरा दुपारीं काळोखांत बुडतो. पहिल्या व दुसऱ्या लेण्यांतील छतावर चौकटी आंखून त्यांत कमळें, फळें, हंस, झुंजणारे बैल असें नाना प्रकारचें नक्षीकाम आहे. त्याची नकल करावयाची म्हणजे मान वर, हात खालीं, आणि नजर सारखी दोहोंमध्यें येरझारा घालणारी! शिवाय मूळ चित्र एका जातीचें आणि नकल दुसऱ्या जातीची. अजिंठ्याची भिंत म्हणजे भुसा व तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर काव, पिवळी माती, हिरवी माती, काजळ व थोडी राजावर्ताची निळाई, एवढाच रंगसंभार. विद्यार्थ्यांच्या हातीं मात्र तैलरंग आणि कापड. भिंतीवरचा रंग कोरडा, मातकट. तेलाचा रंग ओला, चकचकीत. तेव्हां डोळ्यांस दिसेल तें जसेंच्या तसें उतरविणें हें मुळांतच अशक्य होतें. प्रत्येक वेळीं विद्यार्थ्यास निवड करावी लागे. आणि निवड करावी लागली म्हणजे नकलनवीस राहून चालत नाहीं, पाहणारा व्हावें लागतें.

दुसरी अडचण भिंतीच्या दुरवस्थेची. कोठें गिलाव्याचा पोपडा निघालेला, कोठें धुरानें रंग काळवंडलेला, कोठें नुसतेंच ढेकूळ लोंबणारें. एखाद्या राजपुत्राचा खांदा आहे आणि हात नाहीं. तर तो हात विद्यार्थ्यानें आपल्या पदरचा घालावा काय? ह्या कापडांवर भग्न भाग बहुतेक ठिकाणीं भग्नच दाखविलेले आहेत. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. तरुण हातास रिकामी जागा भरण्याचा मोह अनावर असतो. पण ह्या पडझडीनेंच त्यांस एक गोष्ट शिकविली असावी, असा माझा तर्क आहे. जेथें वरचा रंग गळून पडला होता तेथें खालची तांबडी आराखड्याची रेषा उघडी पडली होती. चित्रकारानें आधीं ही रेषा ओढली, मग सपाट रंग भरला, आणि शेवटीं गडद रेषेनें आकृति पक्की केली, हा क्रम धडधाकट चित्रांत झांकलेला राहतो. मोडक्या चित्रांत तो दिसतो. साउथ केन्सिंग्टनच्या कोणत्याही कित्त्यांत एवढी उघडी शिकवणी नव्हती.

सोळाव्या लेण्यांतील एक चित्र ह्या संदर्भांत मुद्दाम सांगण्याजोगें आहे. एक स्त्री मंचकावर कोसळली आहे, मान कलली आहे, एका दासीनें तिला मागून सांवरलें आहे, दुसरीनें तिचा हात हातांत घेतला आहे. ग्रिफिथ्सच्या वेळीं तिला मरणोन्मुख राजकन्या असें नांव पडलें, आणि तेंच पुढें रूढ झालें. नंतरच्या अभ्यासकांनीं कथेचा धागा जुळवून दाखविला तो निराळा. ही नंदाची पत्नी सुंदरी; नवरा भिक्षु झाला ही वार्ता मुकुटासह तिच्यापुढें आली आणि ती मूर्च्छित पडली. म्हणजे विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या गुरूनें कथा ओळखली नव्हती. परंतु ग्रिफिथ्सनें ह्याच चित्राविषयीं लिहितांना इटलीच्या चित्रकारांचें नांव काढलें, आणि रेखनांत वा रंगांत ते सरस ठरले असते तरी ह्याहून अधिक भाव त्यांस ओततां आला नसता, अशा आशयाचें मत दिलें. कथा ठाऊक नसतांही वियोगाचा घाला त्यांना भिंतीवरून कळला होता. ज्यास पुढें गोष्टींच्या पुस्तकांसाठीं चित्रें काढावयाचीं आहेत, अशा विद्यार्थ्यानें हें उदाहरण थोडें थांबून पाहावें. मजकूर हरवला तरी जें चित्र बोलतें, त्यांतील कोणती रेषा बोलते? माझ्या मतें ती त्या कललेल्या मानेंत नसून सैल सुटलेल्या बोटांत आहे.

ग्रिफिथ्सचें म्हणणें असें कीं, हिंदी विद्यार्थ्यांपुढें ठेवण्यास ह्याहून चांगला आदर्श नाहीं. कारण भिंतीवर जे चेहरे, जे हावभाव, जी फुलें, जीं जनावरें आहेत तीं त्यांच्याभोवतीं अजूनही वावरत आहेत. ह्या विचाराचें एक फळ लौकरच दिसलें. कलाशाळेशीं निगडित अशा जॉर्ज टेरीच्या कुंभारखान्यांत जे झिलईचे कुंभ व तबकें तयार होत, त्यांवर अजिंठ्याची नक्षी उतरूं लागली. हीं भांडीं देखणीं आहेत, आणि त्या काळीं त्यांचें कौतुकही झालें. तरी ह्याला स्फूर्ति म्हणण्यास मन धजत नाहीं. छतावरचें कमळ उचललें आणि बरणीवर ठेवलें. मधल्यामध्यें कोणाच्या मनाची त्याला झळ लागली नाहीं.

दुसरें फळ मात्र कोणाच्या चटकन् ध्यानांत येणार नाहीं. अजिंठ्यास गेलेल्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी हे प्रमुख होते. ह्यांचा जन्म १८५१ चा. मूळचा ओढा मूर्तिकामाकडे. परंतु १८७५ सालीं किपलिंग लाहोरास गेला आणि ते चित्रकामाकडे वळले. अजिंठ्याचें काम चालू असतांच, १८८२ सालीं त्यांनीं पोपटास दाणा घालणाऱ्या पारशी स्त्रीचें चित्र काढलें. त्यांत बोधिसत्त्व नाहीं, कमळ नाहीं, जातककथा नाहीं. तंत्रही सर्वस्वी पाश्चात्त्य. अजिंठ्यांत इतके दिवस घालविलेल्या माणसानें तेथून कांहींच आणलें नाहीं, असें म्हणणारे पुष्कळ निघाले. मला तसें वाटत नाहीं. भिंतीवरच्या अनामिक चित्रकारांनीं आपल्या काळच्या घरांत डोकावून पाहिलें होतें. दासी, खांब, उशा, ताटें, पाळीव पक्षी हें सर्व त्यांनीं बुद्धकथेच्या निमित्तानें रंगविलें. पेस्तनजींनीं आपल्या काळच्या, आपल्या ज्ञातीच्या घरांत डोकावून पाहिलें. ओतीव ग्रीक मूर्तींपुढें बसलेल्या विद्यार्थ्यास घरचा पोपट हा चित्रविषय होऊं शकतो हें कोणी शिकविलें, ह्याचें दुसरें उत्तर मला सांपडत नाहीं.

ह्याच्या उलट उदाहरण कलकत्त्याचें. १९०९ ते १९११ ह्या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम ह्या बाईंनीं पुन्हां नकला करविल्या. त्यांच्या मदतीस अवनींद्रनाथांचे शिष्य नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा व समरेंद्रनाथ गुप्त हे गेले होते. त्या नकलांचें पुस्तक १९१५ सालीं निघालें. ह्या मंडळींच्या पुढील चित्रांत अजिंठ्याची रेषा, अर्धोन्मीलित डोळे, वळलेलीं बोटें सरळ ओळखूं येतात. मुंबईकर नकलनवीस आणि बंगाली साधक, असा भेद करणारी टीका त्यानंतर पुष्कळ झाली. पण तिच्यांत एक गफलत आहे. उसनें घेतलेलें दिसत असलें कीं स्फूर्ति खरी, आणि दिसत नसलें कीं ती नव्हतीच, हा हिशेब दुकानदाराचा झाला.

ह्या साऱ्या शिक्षणाची किंमत मात्र कोणी तरी दिली, आणि ती भिंतीनें दिली. काळोख्या लेण्यांत फिकट झालेले रंग नीट दिसावेत व पृष्ठभाग टिकून राहावा म्हणून नकला करतांना मूळ चित्रांवर व्हार्निश चढविण्यांत आलें. गिलच्या वेळीं तें झालें, ग्रिफिथ्सच्या वेळींही झालें. ओलें व्हार्निश लागतांच भिंत क्षणभर उजळली असेल. पण वर्षें गेलीं तसें तें पिवळें पडलें, त्यावर धूळ चिकटली, त्याला भेगा गेल्या, आणि सोलून निघतांना त्यानें रंगही बरोबर नेला. १९२० ते १९२२ ह्या काळांत निजाम सरकारनें चेक्कोनी व ओर्सिनी हे दोन इटालियन जाणकार आणवून सुटलेला गिलावा पक्का करविला. परंतु त्यांनींही लाखेचा उपयोग केला, आणि तीही पुढें काळवंडली. १९९९ च्या सुमारापासून पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनीं हीं पुटें वीतवीत करून काढलीं. त्यांत कोणाची दुष्ट बुद्धि नव्हती, हें खरें. चित्राच्या प्रेमानेंच चित्रावर हात फिरला. पण विद्यार्थ्यास 'जवळ जाऊन पाहा' असें सांगणाऱ्या प्रत्येक गुरूनें ही हकीकत त्याच दमांत सांगावयास हवी.

नकलांचें नशीबही गिलच्या नकलांहून फारसें बरें निघालें नाहीं. त्या लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांत गेल्या, आणि १८८५ सालीं तेथें लागलेल्या आगींत त्यांतल्या पुष्कळशा नष्ट झाल्या. १८९६-९७ सालीं ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर नांव एकट्या ग्रिफिथ्सचें आहे. उरलेलीं कापडें अजून त्याच संग्रहालयांत आहेत. १८९९ पासून त्याला व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम म्हणतात. मधल्या काळांत अजिंठ्याच्या भिंतीवरून कांहीं भाग कायमचे गळून पडले, आणि त्यांचा तपशील पाहावयाचा झाला तर अभ्यासकांस ह्या कापडांकडेच यावें लागतें. संग्रहालयाच्या नोंदींत पेस्तनजींखेरीज जगन्नाथ अनंत, जयराव राघोबा, नारायण खासेराव अशीं नांवें आढळतात. त्यांपुढें आडनांवें लिहिलेलीं नाहींत.