ज्यांना टक्कल पडलेच नाही, त्यांनी उलगडलेले टकलाचे कोडे

(दीर्घ थ्रेड)

१/ पुरुषांच्या आनुवंशिक टकलाचे कारण शोधण्यासाठी वैद्यकाने हजारो वर्षे टक्कल पडलेल्या माणसांकडे पाहिले. उत्तर मात्र मिळाले ते टक्कल न पडणाऱ्यांकडून: वृषण गमावलेले पुरुष आणि कॅरिबियन समुद्रातील एका बेटावरच्या खेड्यातील मुले. या शोधाचा इतिहास औषधांचा आहे, तितकाच या माणसांचाही आहे.

२/ प्रारंभ इजिप्तपासून करू. इ.स.पू. सुमारे १५५० च्या एबर्स पपायरस या वैद्यकीय ग्रंथात टकलावर एक उपाय दिला आहे: सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप आणि रानबकरा यांची चरबी एकत्र करून डोक्याला चोळावी. उपाय आहे, पण केस का गेले, हा प्रश्न तेथे नाही.

३/ तो प्रश्न भारतीय वैद्यकाने विचारला. सुश्रुतसंहितेनुसार वातासह प्रकुपित झालेले पित्त केसांच्या मुळांशी जाऊन केस गाळते आणि मग कफ व रक्त ती छिद्रे बुजवतात. म्हणून तेथे नवा केस उगवत नाही. इंद्रलुप्त, खालित्य आणि रुज्या ही तिन्ही नावे सुश्रुत या एकाच विकाराला देतो.

४/ पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात एक महत्त्वाचा भेद केला. खलतीची उत्पत्ती तशीच, पण तिच्यात केस क्रमाक्रमाने जातात. केस एकाएकी गेले की हळूहळू, हा प्रश्न आजही निदानाच्या आरंभी विचारला जातो. आपण जिला 'चाई' म्हणतो, ती गोल चकत्यांनी केस जाण्याची व्याधी आणि आनुवंशिक टक्कल हे दोन अगदी वेगळे विकार आहेत.

५/ ग्रीसमध्ये याच कोड्याचा दुसरा धागा हाती लागला होता. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रसंग्रहात नोंद आहे की खोजांना टक्कल पडत नाही. ॲरिस्टॉटलनेही हे हेरले होते. त्याचे स्पष्टीकरण मात्र असे, की संभोगामुळे शरीरातील उष्णता घटते, मुळातच थंड असलेला मेंदू अधिक थंड होतो आणि हिवाळ्यात झाडांची पाने गळावीत तसे केस गळतात. निरीक्षण अचूक होते, मीमांसा चुकीची.

६/ हे निरीक्षण दोन हजारांहून अधिक वर्षे ग्रंथांत पडून राहिले. दरम्यान लोकांनी टक्कल झाकण्याचे मार्ग शोधले. ज्यूलियस सीझर विरळ केस पुढे विंचरून घेई आणि सिनेटने दिलेल्या सर्व सन्मानांपैकी लॉरेलची माळ सदैव धारण करण्याचा अधिकार त्याला विशेष प्रिय होता, असे चरित्रकार स्वेटोनियस सांगतो.

७/ विसाव्या शतकात आनुवंशिकतेचा विचार सुरू झाला. १९१६ मध्ये डोरोथी ऑसबॉर्न यांनी कुटुंबांच्या वंशावळी अभ्यासून टकलाच्या वारशाविषयी निबंध लिहिला. पण वारसा दोघांनाही मिळतो, तर मग बहिणीचे केस टिकून भावाचेच का जातात?

८/ याचे उत्तर १९४२ मध्ये अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी दिले. त्यांनी अशा १०४ पुरुषांचा अभ्यास केला, ज्यांचे वृषण काढले गेले होते किंवा ज्यांच्यात लैंगिक परिपक्वता आलीच नव्हती. वयात येण्यापूर्वी वृषण गमावलेल्यांना टक्कल पडले नव्हते. त्यांतील काहींना पुरुषसंप्रेरक टेस्टोस्टेरॉन देताच मात्र, ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस मागे हटू लागले. ज्यांच्या घराण्यात ते नव्हते, त्यांचे केस टिकले.

९/ म्हणजे एकटा वारसा पुरेसा नाही आणि एकटे संप्रेरकही नाही. दोन्ही हवीत आणि जोडीला वय हवे. संप्रेरक देणे थांबवल्यावर टक्कल वाढायचे थांबे, पण गेलेले केस परत येत नसत. लवकर निदानाचे महत्त्व यातच आहे.

१०/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. वृषण काढलेले इतके पुरुष विसाव्या शतकातील अमेरिकेत आले कोठून? कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला होता. 'अयोग्य' ठरवलेल्यांना संतती होऊ नये, हा त्या सुप्रजाजननवादी कायद्याचा हेतू. हॅमिल्टन यांचा १९६९ चा आयुर्मानावरील निबंध तेथील बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या संस्थेतील अशाच पुरुषांवर आधारलेला आहे. त्यांना नकार देण्याची मुभा नव्हती.

११/ निदानाची मोजपट्टीही हॅमिल्टन यांचीच. १९५१ मध्ये त्यांनी टकलाच्या आकृतिबंधाचे वर्गीकरण केले आणि १९७५ मध्ये ओ'टार नॉरवुड यांनी ते सुधारून सात प्रकार ठरवले. कानशिलांवरील रेषा मागे सरकणे, टाळू विरळ होणे, शेवटी डोक्याभोवती नालेच्या आकाराची पट्टी उरणे, हा क्रम त्वचारोगतज्ज्ञ आजही याच मोजपट्टीवर पाहतात.

१२/ दुसरा साक्षात्कार १९७४ चा. ज्युलिएन इम्पेरातो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी डोमिनिकन प्रजासत्ताकातील सॅलिनास या खेड्यातील कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि मुली म्हणूनच वाढत. वयात येताना मात्र त्यांचा आवाज फुटे आणि शरीर पुरुषी होई. गावकऱ्यांनी त्यांना दिलेल्या नावाचा अर्थ होता 'बाराव्या वर्षी वृषण'.

१३/ त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन होते. पण त्याचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणारे विकर जन्मतः दुबळे होते. मोठेपणी त्यांची दाढी विरळ, प्रोस्टेट ग्रंथी लहान आणि कपाळावरील केसांची रेषा मात्र अढळ राहिली. केसांची मुळे आक्रसवून टाकणारा खरा कारक टेस्टोस्टेरॉनपासून बनणारा हा दुसरा पदार्थ होता.

१४/ मर्क कंपनीने हेच विकर रोखणारे फिनास्टेराइड तयार केले. त्याला अमेरिकेत १९९२ मध्ये प्रोस्टेटवाढीसाठी ५ मिलिग्रॅमच्या आणि १९९७ मध्ये टकलासाठी १ मिलिग्रॅमच्या मात्रेत मान्यता मिळाली. गर्भवती स्त्रीने ही फुटलेली गोळी हाताळू नये, ही सूचना सॅलिनासच्या मुलांवरूनच उमगते: पोटातील मुलग्याच्या जननेंद्रियांची घडण बिघडू शकते. लैंगिक दुष्परिणाम औषध बंद केल्यावरही काहींमध्ये राहिल्याच्या तक्रारींची नोंद २०१२ मध्ये अमेरिकेतील माहितीपत्रकात आली. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे, ते यासाठी.

१५/ दुसरे मान्य औषध अपघाताने सापडले. अपजॉन कंपनीचे मिनॉक्सिडिल हे उच्च रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर नको तेथे केस उगवू लागले आणि १९८८ मध्ये तेच डोक्याला लावण्याच्या द्रावणरूपात आले. शस्त्रक्रियेचा मार्ग वेगळा: नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये दाखवले, की डोक्याच्या मागचे केस पुढे रोवले तरी ते आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत.

१६/ 'टक्कल आजोळकडून येते' हा समज अर्धा खरा आहे. पुरुषसंप्रेरकाच्या ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते आईकडूनच मिळते. पण २०१७ मध्ये ५२ हजारांहून अधिक ब्रिटिश पुरुषांच्या अभ्यासात टकलाशी निगडित २८७ जनुकीय स्थाने आढळली. वडिलांकडचा वाटाही मोठा आहे.

१७/ भारतातील १९४५ च्या औषध नियमांच्या 'जे' परिशिष्टात, जे रोग बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही अशांच्या यादीत, टक्कलही आहे. तरीही हमखास केस उगवण्याची जाहिरात आपल्याला रोज दिसते. पपायरसमधील सिंहाच्या चरबीत आणि अशा तेलात एक साम्य आहे: दोन्हींत निदान नाही. आज जे थोडे खात्रीने सांगता येते, ते कॅन्ससमधील आणि सॅलिनासमधील त्या माणसांच्या देहांनी सांगितलेले आहे. त्यांपैकी बहुतेकांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.

(समाप्त)